राजाच्या नावाने शपथ घेणाऱ्या मराठी माणसांना

कॅनडातल्या मराठी मंडळींना, विशेषतः ज्यांनी इथल्या नागरिकत्वाची शपथ नुकतीच घेतली आहे किंवा लवकरच घ्यायची आहे त्यांना,

सप्रेम नमस्कार.

नागरिकत्वाचा समारंभ आटोपून आलेल्या आपल्या माणसांकडून एक गोष्ट वारंवार ऐकू येते. राजाचे नाव आले तेव्हा नुसते ओठ हलवले, आवाज काढला नाही. कुणी हे हसत सांगतो, कुणी थोड्या अभिमानाने. त्यामागची भावना मला कळते, कारण तीच माझ्याही मनात आहे. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले ते राजद्रोहाच्या आरोपाखाली. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, तेव्हा तख्तावर पंचम जॉर्ज होते. आजचे राजे तिसरे चार्ल्स हे त्यांचेच पणतू. हे शाळेत शिकून आलेल्या माणसाने परक्या देशात उजवा हात वर करून ‘राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी मी एकनिष्ठ राहीन’ असे म्हणायचे, म्हणजे जीभ अडखळणारच. त्यात भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ही शपथ घेतली की आपला पासपोर्ट परत करावा लागतो आणि हाती येते ते ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीयांचे ओळखपत्र). म्हणून हा क्षण आपल्यासाठी कागदोपत्री उपचाराहून बराच मोठा असतो.

तरीही माझी आपल्याला विनंती आहे की हे वाक्य गिळून टाकू नका. पटले तर मोठ्याने म्हणा. नाही पटले तर नागरिक झाल्यावर ते बदलण्यासाठी उघडपणे भांडा. पण त्याकडे निरर्थक पुटपुट म्हणून पाहू नका. या वाक्यात ज्या राजाचे नाव आहे, त्याच्या नावाने या देशात सरकारे बनतात आणि पडतात, संसद बोलावली जाते आणि बंदही केली जाते. हे नाव कुणाच्या हाती आहे आणि तो ते कसे वापरतो, यावर नागरिकांनी लक्ष ठेवले नाही तर नुकसान आपलेच आहे.

आधी राजाविषयी. शासनाचा प्रमुख आणि राज्याचा प्रमुख वेगळे असावेत, हा विचार आपल्याला नवा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी भारताच्या राष्ट्रपतीचे स्थान समजावून सांगितले, ते इंग्लंडच्या राजाचा दाखला देऊनच. राष्ट्रपतीचे स्थान तिथल्या राजासारखे आहे, तो राज्याचा प्रमुख आहे पण कार्यकारी सत्तेचा नाही, तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो पण राष्ट्रावर राज्य करत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वंशपरंपरा त्यांनी अर्थातच टाकून दिली. पण जो राज्य चालवतो तो राज्याचा मालक नसावा, ही मांडणी त्यांनी उचलली. दुसरीही एक गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात स्वतंत्र भारताचाही राजा सहावा जॉर्जच होता, आणि त्याचे प्रतिनिधी म्हणून आधी माउंटबॅटन व नंतर राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. आपण त्या वाटेवर अडीच वर्षे चाललो आणि मग वेगळी वाट धरली. कॅनडा त्याच वाटेवर राहिला. मात्र चालता चालता त्याने त्या राजाचा अर्थ बदलून घेतला.

हा अर्थ कसा बदलला ते थोडे सांगायला हवे. १९२६ साली लिबरल पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांचे अल्पमतातले सरकार कस्टम खात्यातल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अडकले होते. संसदेत निंदेचा ठराव मंजूर होण्याआधीच त्यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांच्याकडे संसद बरखास्त करण्याची मागणी केली. बिंग यांनी ती फेटाळली आणि विरोधी पक्षनेते आर्थर मीएन यांना सरकार बनवायला सांगितले. मीएन यांचे सरकार काही दिवसांतच कोसळले, आणि नंतरच्या निवडणुकीत किंग यांनी ‘लंडनचा माणूस कॅनडाच्या पंतप्रधानाला नाही म्हणतो’ हाच मुद्दा गाजवून विजय मिळवला. घटनेच्या दृष्टीने बिंग बरोबर होते असे मानणारे अभ्यासक आजही आहेत. माझेही मत तेच आहे. पण त्याच वर्षाच्या साम्राज्य परिषदेत ठरले की गव्हर्नर जनरल यापुढे ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी नसेल, तो फक्त राजाचा प्रतिनिधी असेल. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. १९५२ मध्ये व्हिन्सेंट मॅसी हे कॅनडात जन्मलेले पहिले गव्हर्नर जनरल झाले. पुढे हाँगकाँगहून लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या एड्रियन क्लार्कसन, हैतीत जन्मलेल्या मिशेल जाँ आणि २०२१ मध्ये इनुइट समाजातल्या मेरी सायमन त्या पदावर आल्या. कायद्याने पाहता आज ‘कॅनडाचा राजा’ हे ब्रिटनच्या राजाहून वेगळे पद आहे, जरी दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर असले तरी.

शपथेबद्दल न्यायालयानेही याच धर्तीवर निकाल दिला आहे. राजाच्या नावाने शपथ घ्यावी लागणे हा आपल्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे म्हणत काही कायम रहिवासी ओंटारिओच्या न्यायालयात गेले होते. २०१४ साली अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. ही निष्ठा एका व्यक्तीशी नसून तिच्या रूपाने दाखवल्या जाणाऱ्या शासनपद्धतीशी आहे, आणि शपथ घेतल्यानंतर राजेशाहीला आपला विरोध आहे हे जाहीरपणे सांगण्याचा पूर्ण हक्क नागरिकाला आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने पुढचे अपील ऐकायला नकार दिला. म्हणजे ओठ दाबून धरण्याची कुणालाच गरज नाही. विरोध उघडपणे करता येतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. राजा आणि त्याचे प्रतिनिधी ‘फक्त प्रतीकात्मक’ आहेत असे आपण सहज म्हणतो, आणि बहुतेक दिवशी ते खरेही असते. ते फिती कापतात, पदके देतात, विधेयकांवर सह्या करतात, सरकारने लिहून दिलेले भाषण वाचतात. २७ मे २०२५ रोजी राजे चार्ल्स यांनी ओटावात येऊन संसदेपुढे सिंहासनावरून भाषण वाचले, तेही सरकारचेच होते. राजाने किंवा राणीने स्वतः असे भाषण वाचण्याची १९७७ नंतरची ती पहिलीच वेळ. अमेरिकेचे अध्यक्ष कॅनडाला एकावन्नावे राज्य म्हणत होते, अशा वेळी त्या दृश्याचे वजन मोठे होते, आणि राजेशाहीचा पुरस्कार कधीच न केलेल्या अनेकांना त्या दिवशी बरे वाटले. मलाही वाटले. पण या पदाची खरी परीक्षा समारंभात होत नाही. ती होते सरकारकडे बहुमत आहे की नाही याची शंका निर्माण होते तेव्हा, आणि पंतप्रधान किंवा प्रीमियर (प्रांताचा मुख्यमंत्री) सभागृहाला तोंड देण्याचे टाळू लागतो तेव्हा.

ब्रिटिश कोलंबियातले २०१७ चे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि सरी-व्हँकुव्हरच्या मंडळींनी तर ते आपल्या मुलांना जरूर सांगावे. ९ मेच्या निवडणुकीत ८७ पैकी ४३ जागा प्रीमियर क्रिस्टी क्लार्क यांच्या लिबरल पक्षाला, ४१ डावीकडे झुकणाऱ्या एनडीपीला (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) आणि ३ ग्रीन पक्षाला मिळाल्या. एनडीपी आणि ग्रीन यांनी लेखी समझोता केला. २९ जूनला क्लार्क सभागृहात ४४ विरुद्ध ४२ मतांनी हरल्या. त्याच संध्याकाळी त्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे प्रांतातल्या राजाच्या प्रतिनिधी, ज्युडिथ गिशॉन यांच्याकडे गेल्या आणि विधानसभा बरखास्त करून पुन्हा निवडणूक घ्या म्हणाल्या. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. विरोधकांचे बहुमत एकाच मताचे, त्यातून सभापती निवडला की दोन्ही बाजू समसमान, मग असे सभागृह चालणार कसे? निकोला खोऱ्यात गुरांचे रँच चालवणाऱ्या गिशॉन यांनी ते ऐकून घेतले आणि नकार दिला. निवडणूक होऊन दोनच महिने झाले होते, आणि दुसऱ्या नेत्याला सभागृहाचा विश्वास मिळण्याची शक्यता समोर दिसत होती. त्यांनी एनडीपीचे जॉन होर्गन यांना बोलावले. जे सभागृह चालणारच नाही असे सांगितले गेले, ते २०२० च्या शरद ऋतूपर्यंत चालले. गिशॉन यांनी स्वतःच्या मनाने सरकार निवडले नाही. लोकांनी निवडलेल्या सभागृहाला निर्णय घेऊ दिला. राजाच्या प्रतिनिधीने करायचे ते एवढेच, पण ते करायला त्या संध्याकाळी किती धैर्य लागले असेल!

२००८ ची गोष्ट इतकी सरळ नाही. स्टीफन हार्पर यांचे अल्पमतातले सरकार निवडून येऊन दोन महिनेही झाले नव्हते. लिबरल आणि एनडीपी यांनी क्वेबेकवादी ब्लॉक केबेक्वा पक्षाच्या पाठिंब्यावर आघाडी करून सरकार पाडायचे ठरवले. मतदान ८ डिसेंबरला होणार होते. ४ डिसेंबरला हार्पर रिडो हॉल या गव्हर्नर जनरलच्या निवासस्थानी गेले आणि संसद संस्थगित करण्याची, म्हणजे बरखास्त न करता तिचे अधिवेशन संपवून काही काळ बंद ठेवण्याची, शिफारस केली. मिशेल जाँ यांनी दोन तासांहून अधिक वेळ घेतला आणि शेवटी संमती दिली. संसद २६ जानेवारीला पुन्हा भरली तोवर लिबरल पक्षाचा नेता बदलला होता, आघाडी विस्कटली होती आणि सरकार तरले. जाँ यांनी केले ते चूक की बरोबर, यावर इथल्या घटनातज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, कारण ज्या मतदानात सरकार हरणार होते तेच मतदान टाळण्यासाठी संसदेचे दार बंद झाले. वर्षभराने, ३० डिसेंबर २००९ ला हार्पर यांनी पुन्हा तेच केले, या वेळी नुसता फोन करून. तेव्हा अफगाणिस्तानातल्या कैद्यांच्या प्रश्नावर संसदीय समिती सरकारला धारेवर धरत होती. ऑगस्ट २०२० मध्ये जस्टिन ट्रूडो यांनी वुई चॅरिटी या संस्थेला सरकारी काम दिल्याच्या प्रकरणाच्या ऐन चौकशीत संसद संस्थगित केली, आणि ६ जानेवारी २०२५ ला पक्षाचा नवा नेता निवडला जाईपर्यंत २४ मार्चपर्यंतचा वेळ मागून घेतला. फेडरल कोर्टात त्याला आव्हान दिले गेले, ते मार्चमध्ये फेटाळले गेले. दोन्ही मोठ्या पक्षांनी हे हत्यार वापरले आहे. म्हणून आपण लिबरलला मत देतो की कॉन्झर्व्हेटिव्हला, याने या प्रश्नात काही फरक पडत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटायला हवे. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट आपण विसरलेलो नाही. राष्ट्रपती राजवट पहाटे उठली आणि लोक झोपेतून उठायच्या आत राजभवनात शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने तातडीने बहुमत चाचणीचा आदेश दिला तेव्हा ते सरकार चाचणीआधीच गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी पाठवलेली बारा नावांची यादी राज्यपालांकडे नुसती पडून राहिली, आणि अवाजवी विलंब झाल्याचे उच्च न्यायालयाने सांगूनही पडून राहिली. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली, ती बोलावण्याइतका आधार त्यांच्यापुढे नव्हता, असे मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले. मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांशी फोनवर आपण यावर तासन्‌तास वाद घातले. मग इथे, जिथे आपण मत देतो, तिथे तोच प्रश्न आला की आपण चॅनेल का बदलतो?

आणि हे साम्य योगायोगाने आलेले नाही. आपला राज्यपाल आणि इथला लेफ्टनंट गव्हर्नर एकाच ब्रिटिश मुळातून फुटलेले आहेत. दोघांनाही केंद्र नेमते. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेने लेफ्टनंट गव्हर्नरला प्रांताचे विधेयक केंद्राच्या निर्णयासाठी राखून ठेवण्याचा अधिकार दिला, तसाच अधिकार १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आपल्या घटनेत राज्यपालाकडे आला. फरक पुढे पडला. कॅनडात १९६१ साली सॅस्कॅचेवनच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी खनिज करारांविषयीचे एक विधेयक असे राखून ठेवले, तेव्हा खुद्द केंद्रातले डीफेनबेकर सरकारच गोंधळून गेले आणि घाईघाईने त्याला संमती देऊन मोकळे झाले. त्यानंतर तो अधिकार कुणी वापरलेला नाही. तो पुस्तकात तसाच आहे, पण वापरायची कुणाची छाती होत नाही, कारण इथल्या लोकांना ते खपणार नाही. भारतात तो रोजच्या राजकारणाचा भाग होऊन बसला आहे. कागदावरचा अधिकार सारखाच असून दोन देशांत त्याचे नशीब इतके वेगळे झाले. बाबासाहेब ज्याला घटनात्मक नीतिमत्ता म्हणत, ती आपोआप उगवत नाही, जोपासावी लागते, असे त्यांनीच त्याच भाषणात बजावले होते. कॅनडात ती काही बाबतींत रुजली. संसद संस्थगित करण्याच्या बाबतीत ती अजून रुजलेली नाही.

ऑस्ट्रेलियाचे १९७५ चे प्रकरण अनेकांना ठाऊक असेल. गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी ११ नोव्हेंबरला निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांना बडतर्फ केले. त्याचा तपशील इथे लांबवत नाही. एकच नोंदवतो: कर यांना त्या पदावर बसवण्याची शिफारस व्हिटलॅम यांनीच केली होती.

कॅनडाच्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी भेग मला इथेच दिसते. गव्हर्नर जनरल कोण होणार हे पंतप्रधान ठरवतो. राजा त्या नावावर सही करतो. लेफ्टनंट गव्हर्नरही पंतप्रधानाच्या सल्ल्यानेच नेमले जातात. म्हणजे पंतप्रधानाने मर्यादा ओलांडली तर त्याला ‘नाही’ म्हणण्याचे काम ज्याचे, त्याची निवड त्या पंतप्रधानाच्याच हाती. हार्पर यांच्या काळात, २०१२ मध्ये, या नेमणुकांसाठी एक सल्लागार समिती स्थापन झाली होती. ती चौकशी करून, लोकांशी बोलून नावे सुचवायची. हार्पर यांच्या इतर निर्णयांवर मी कितीही टीका केली तरी ही गोष्ट त्यांनी चांगली केली. ट्रूडो सरकारने ती समिती मोडीत निघू दिली, आणि २०१७ मध्ये अंतराळवीर ज्युली पयेट यांना तिच्याशिवायच नेमले. त्यांच्या कार्यालयातल्या वागणुकीच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढचे सहा महिने देशाचे सरन्यायाधीश रिचर्ड वॅगनर यांना ते काम सांभाळावे लागले. त्यानंतर पुन्हा एक तात्पुरती समिती बसली आणि तिच्या सल्ल्याने मेरी सायमन यांची नेमणूक झाली. पंतप्रधानाला वाटले तर समिती, न वाटले तर नाही. याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

‘मग राजेशाहीच काढून टाका ना,’ असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतील. माझ्या मनात प्रजासत्ताकाबद्दल आदर आहे. बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ ला शांतपणे हे करून दाखवले. आदल्या दिवशीपर्यंत गव्हर्नर जनरल असलेल्या सँड्रा मेसन तिथल्या पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. पण कॅनडाच्या १९८२ च्या घटनेचे कलम ४१ पाहा. राजा, गव्हर्नर जनरल आणि लेफ्टनंट गव्हर्नर या पदांना हात लावायचा तर हाउस ऑफ कॉमन्स, सिनेट आणि दहाच्या दहा प्रांतांच्या विधानसभा, सगळ्यांची संमती हवी. एक प्रांत अडला की सगळे अडले. त्याहून लहान पाऊलही सोपे नाही. खासदारांना राजाऐवजी घटनेच्या नावाने शपथ घेण्याची मुभा देणारे खासगी विधेयक एप्रिल २०२४ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ११३ विरुद्ध १९७ मतांनी फेटाळले. क्वेबेकने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या आमदारांपुरती राजाची शपथ ऐच्छिक केली.

आणखी एक कारण आहे, जे मला इथे आल्यावर बऱ्याच उशिरा कळले आणि माझ्या मते ते आपण सगळ्यांनी समजून घ्यायला हवे. या देशातल्या मूळ रहिवाशांनी जमिनीचे करार केले ते कुठल्या पक्षाच्या सरकारशी नाहीत, ते राजमुकुटाशी केलेले आहेत. १७६३ च्या राजघोषणेने त्यांच्या जमिनीवरचा त्यांचा हक्क मानला. १८७१ ते १९२१ या काळातले, क्रमांकाने ओळखले जाणारे करार राणीच्या आणि राजाच्या नावाने झाले, आणि त्यांतल्या कित्येकांखाली माणशी पाच डॉलर वार्षिक आजही दिले जातात. ह्युरॉन सरोवराच्या उत्तरेकडच्या प्रदेशासाठी १८५० साली झालेल्या रॉबिन्सन करारात, जमिनीतून उत्पन्न वाढले तर ही रक्कम वाढवण्याचे वचन होते. ती १८७५ मध्ये चार डॉलर झाली आणि तिथेच थांबली. त्या जमिनीतून खनिजे निघाली, लाकूड निघाले, शहरे उभी राहिली, आणि वार्षिक चारच डॉलर राहिले. अखेर २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुकुटाने आपले वचन मोडल्याचे कठोर शब्दांत नोंदवले. आपण ज्या राजाच्या नावाने शपथ घेतो, त्याच्याच नावाने ही वचने दिली गेली आणि मोडली गेली. जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेतही या लोकांचे मूळ हक्क आणि करारातले हक्क मानणारी घटना पाळण्याचा उल्लेख आला आहे. राजाचे नाव पुसायचे तर या करारांचे उत्तरदायित्व कुणावर, हे आधी त्यांना विचारून ठरवावे लागेल. आपण या देशात सर्वांत उशिरा आलेले लोक. ज्यांची भूमी आहे त्यांच्या आधी आपण मुकुट फेकायला धावू नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून जे आज हाती आहे ते करूया. आपल्या गणेशोत्सवाला आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला खासदार येतात. त्यांना शाल-श्रीफळ देतो, मोदक खाऊ घालतो, मुले त्यांच्यासोबत फोटो काढतात. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, कॅलगरी, सरी, एडमंटन, कुठेही हेच चित्र असते. या वेळी व्यासपीठावरून त्यांना दोन गोष्टी विचारा. गव्हर्नर जनरल आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांच्या नेमणुकांसाठी सल्लागार समिती कायद्याने कायमची करायला तुम्ही पाठिंबा देणार का? तिचा सल्ला बंधनकारक नसला तरी चालेल, पण तिची शिफारस डावलली तर पंतप्रधानाने कारण जाहीर सांगावे. कलम ४१ ला धक्का न लावता एवढे करता येईल असे मला वाटते. आणि दुसरे: सात दिवसांहून अधिक काळ संसद संस्थगित करायची असेल तर आधी सभागृहाची संमती घ्यावी, असा एनडीपीचे तेव्हाचे नेते जॅक लेटन यांचा ठराव मार्च २०१० मध्ये कॉमन्सने मंजूर केला होता. सरकारने तो बंधनकारक मानला नाही. २०१७ पासून सरकारला संस्थगनाची कारणे नंतर लेखी द्यावी लागतात, पण नंतर दिलेल्या कारणाने बंद दार उघडत नाही. तो २०१० चा ठराव सभागृहाच्या कायम नियमात आणायला तुम्ही मत देणार का? तुमचा पक्ष सत्तेत असतानाही देणार का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण विरोधात असताना सगळेच हो म्हणतात.

ज्यांचा शपथविधी व्हायचा आहे त्यांच्यासाठी एक छोटी सूचना. शपथ इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत म्हणायला सांगतात आणि वाक्ये भराभर पुढे जातात. आदल्या रात्री ती मुलांबरोबर बसून वाचा. राजाचा उल्लेख, कायद्यांचा उल्लेख, घटनेचा, मूळ रहिवाशांच्या हक्कांचा उल्लेख, प्रत्येकावर थांबा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. ‘आई, आपण राजाला का वचन द्यायचे?’ असे मुलाने विचारले तर हसून टाळू नका. सोलापूरच्या चौघांबद्दल सांगा, बाबासाहेबांच्या भाषणाबद्दल सांगा, आणि ज्युडिथ गिशॉन यांनी त्या संध्याकाळी दिलेल्या नकाराबद्दलही सांगा.

मंडळांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे की पुढच्या कार्यक्रमात या विषयासाठी अर्धा तास ठेवावा आणि आपल्या भागातल्या सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना बोलवावे. खासदारांची लेखी उत्तरे मिळाली तर ती मंडळाच्या सभासदांपर्यंत पोहोचवावीत. कुणाचे उत्तर आले नाही, तर तेही नावानिशी कळवावे.

आपला,
शपथ मोठ्याने घेतलेला एक मराठी कॅनेडियन